सावलीचा सातबारा

जेरुसलेममध्ये तुम्ही कोण आहात हे ठरल्याशिवाय कुणाचंच चित्त थाऱ्यावर येत नाही. टॅक्सीवाल्याचं येत नाही, डाळिंबाचा रस काढून देणाऱ्याचं येत नाही, आणि कोपऱ्यावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या, नुकतंच मिसरूड फुटलेल्या शिपायाचं तर नाहीच नाही. "मुस्लिम?" नाही. "ख्रिश्चन?" नाही. "मग ज्यू?" नाही. इथे विचारणाऱ्याची यादी संपते. तो तुमच्याकडे जरा वेळ बघत राहतो, चौथा रकाना आखावा की काय असा विचार करतो आणि शेवटी म्हणतो, "इंडिया?" हो म्हटलं की चेहरा खुलतो. विचारणारा ज्यू असेल तर तो म्हणतो, "गोवा!" सक्तीची लष्करी नोकरी संपली की इथली पोरं पाठीवर पिशव्या टाकून आपल्याकडे येतात, त्याचा हा परिणाम. अरब असेल तर तो म्हणतो, "अमिताभ बच्चन!" शहराचे दोन भाग कुठे सुरू होतात नि कुठे संपतात हे नकाशात शोधत बसण्यापेक्षा नुसतं "इंडिया" म्हणावं आणि पुढे काय येतं ते ऐकावं. हद्द बिनचूक कळते.

मी उतरलो होतो आर्मेनियन मोहल्ल्याजवळ, एका आर्मेनियन आजीबाईंच्या घरातल्या वरच्या खोलीत. खोली दाखवण्याआधी त्यांनी मला समोर बसवून कॉफी दिली आणि माझी उलटतपासणी घेतली.

"देव किती तुमचे?"

"तेहतीस कोटी म्हणतात."

आजीबाईंनी कप खाली ठेवला. "त्यांच्यापैकी कुणाचा या शहरात काही दावा?"

"नाही हो."

"जन्म, मरण, स्वर्गारोहण, काहीच नाही? नीट आठवा."

"काहीच नाही."

"मग राहा," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

आजीबाईंचा सावधपणा अनाठायी नव्हता. तटाच्या आतलं जुनं जेरुसलेम पुरतं एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. सुलेमान या तुर्की सुलतानाने १५३७ ते १५४१ या काळात हा तट बांधला, आणि त्याच्या आत ज्यूंची पश्चिम भिंत, मुसलमानांची अल-अक्सा मशीद नि तो सोनेरी घुमट, आणि ख्रिश्चनांचं ख्रिस्ताच्या थडग्याचं चर्च, अशी तिन्ही तीर्थक्षेत्रं चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. पृथ्वीवर एवढी जागा रिकामी पडलेली असताना तीन धर्मांना इथेच गर्दी का करावीशी वाटली, हे मी आजीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा गर्दी नव्हती." आर्मेनियन चौथ्या शतकापासून इथे आहेत. त्यामुळे बाकीचे सगळे त्यांच्या हिशेबी नव्याने राहायला आलेले. कॅथलिकांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हात झटकला. "ते कालचे. १०९९ साली आले." क्रूसेडचं एवढ्या थोडक्यात वर्णन मी कुठेच वाचलेलं नाही.

इथे जागेपेक्षा जास्त वाटणी वेळेची झाली आहे. मुसलमानांचा शुक्रवार, ज्यूंचा शनिवार, ख्रिश्चनांचा रविवार. सुट्टी कधी हे कळायला पंचांगापेक्षा पत्ता उपयोगी पडतो. शुक्रवारी दुपारी जुन्या शहरातल्या गल्ल्या नमाजाला निघालेल्यांनी तुंबतात. सूर्य कलला की पश्चिमेकडच्या ज्यू भागात भोंगा वाजतो आणि शटरं धडाधड खाली येतात. ट्राम थांबते, बस थांबते, हॉटेलातली लिफ्टसुद्धा स्वतःच्या मनाने चालू लागते. बटण दाबणं म्हणजे काम, आणि शब्बाथला काम निषिद्ध. म्हणून एक लिफ्ट दिवसभर आपली आपण प्रत्येक मजल्यावर थांबत वर जाते आणि प्रत्येक मजल्यावर थांबत खाली येते. तिच्यात चुकून शिरलेला माणूस आठव्या मजल्यावर पोचेपर्यंत आपोआप अंतर्मुख होतो. फाडणं हेही कामच, म्हणून काही ठिकाणी स्वच्छतागृहातला कागदही आदल्या दिवशीच सुटा करून ठेवलेला असतो. नियम कडक आहे हे खरं, पण त्यातून वाट काढण्याची बुद्धीही तितकीच कडक आहे. मला तरी त्या बुद्धीचं कौतुक वाटलं.

शनिवारी पश्चिमेला उपाशी राहिलेला पर्यटक काय करतो? दमास्कस गेटच्या पायऱ्या उतरतो. तिथे शनिवार हा धंद्याचा वार असतो. तीळ लावलेला, हातभर लांब कडं असावं तसा काकचा पाव मिळतो. बरोबर कागदाच्या पुडीत जातर, म्हणजे रानओव्याच्या जातीतला एक मसाला, आणि तेलातून नुकताच काढलेला फलाफल. वेलदोडा घातलेली कॉफी मिळते. रविवारी तिथून चार गल्ल्या सोडून ख्रिश्चनांची दुकानं बंद. नाताळही एकदा आटोपत नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट २५ डिसेंबरला करतात, ग्रीक आणि इतर ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला, आणि जेरुसलेमचे आर्मेनियन १९ जानेवारीला. उशीर का, असं आजीबाईंना विचारायचं धाडस मी केलं नाही. उशीर आपला, की घाई बाकीच्यांची, याबद्दल त्यांचं मत ठरलेलं असणार.

शनिवारावरून आठवलं. एका शुक्रवारी, भोंग्याच्या आधी, मी महाने येहुदा बाजारात गेलो होतो. शब्बाथच्या आदल्या दुपारी तिथे जी झुंबड असते तिच्यात धक्के खाल्ल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ऑलिव्हच्या बरण्या, हलव्याचे डोंगर, ओरडणारे विक्रेते, आणि त्या गदारोळात अचानक कानावर आलं, "अहो, जून आहे ती. ठेवा खाली."

एक साठीच्या बाई भेंडीचं टोक मोडून बघत होत्या. नवरा हातातली भेंडी निमूटपणे खाली ठेवत होता. मी "नमस्कार" म्हणताच दोघांनाही झालेला आनंद पाहून भेंडीवाला गोंधळला. त्या मूळच्या रेवदंड्याकडच्या, बेने इस्रायली. कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. बाकीच्या जगाशी संपर्क तुटला तरी शनिवार काही त्यांनी सोडला नाही. आणि इथे आल्यावर १९६० च्या दशकात धर्मपीठाने फर्मान काढलं, की यांची लग्नं इतर ज्यूंशी लावण्याआधी यांच्या वंशावळीची चौकशी करा! तेव्हा या मंडळींनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ मध्ये सरकारला ते पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं. "माझे सासरे बसले होते ना त्या धरण्याला," मावशी म्हणाल्या, "बरोबर पोहे नेले होते." मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

सांगितलं. मावशींनी क्षणभर डोळे बारीक केले, "हं," म्हणाल्या, आणि मला माझ्या नेमक्या खणात ठेवून दिलं. अख्ख्या पवित्र शहराला जे जमलं नव्हतं ते रेवदंड्याने भेंडी निवडता निवडता केलं.

आता चर्चकडे वळतो, कारण तिथे मला खरं घरच्यासारखं वाटलं. भक्तीमुळे नव्हे, दाव्यांमुळे. आमचं कोकणातलं घर सहा हिश्शांचं आहे. फणसाचं खोड आमच्या हद्दीत, त्याची सावली थोरल्या काकांच्या अंगणात, आणि फणस पिकून पडतो तो तिसऱ्याच चुलत्याच्या कौलांवर. ओटी कुणी सारवायची यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत, कारण जो सारवतो त्याची वहिवाट. ख्रिस्ताच्या थडग्याचं चर्चही सहा हिश्शांचं आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि आर्मेनियन हे मोठे हिस्सेदार. कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन हे धाकटे. कुठला दिवा कुणाचा, कुठल्या खांबाभोवती कोण किती वाजता धूप फिरवणार, कुठली पायरी कोण झाडणार, सगळं ठरलेलं. हे कुणी ठरवलं? तुर्की सुलतानांनी. हिस्सेदारांच्या मारामाऱ्यांना कंटाळून एकाने १७५७ मध्ये आणि पुन्हा दुसऱ्याने १८५२ मध्ये फर्मान काढलं, की आज जे जसं आहे ते तसंच राहील. सुलतान गेले, त्यांची सल्तनत गेली, त्यानंतर इंग्रज आले नि गेले, जॉर्डन आलं नि गेलं, इस्रायल आलं. फर्मान मात्र जागच्या जागी आहे.

त्याचा पुरावा चर्चच्या दर्शनी भिंतीवर टेकून उभा आहे. दाराच्या वर एक कठडा, त्यावर एक खिडकी आणि खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी. अठराव्या शतकातल्या चित्रातही ती आहे. फर्मान निघालं तेव्हा ती तिथे होती, म्हणून ती तिथेच. हलवायची तर सगळ्यांची संमती हवी, आणि सगळ्यांची संमती ही या इमारतीत ख्रिस्ताच्या पुनरुत्थानानंतरची सगळ्यांत दुर्मीळ घटना. १९९७ मध्ये कुणा उपद्व्यापी भाविकाने ती पळवून आतच दडवून ठेवली होती. काही आठवड्यांनी सापडली आणि होती तिथे परत गेली. मी अंगणातल्या दगडावर बसून बराच वेळ त्या शिडीकडे बघत होतो. आसपासचे भाविक कळसाकडे बघून डोळे पुसत होते, आणि मी आमच्या ओटीवरच्या, कुणाच्याच न राहिलेल्या तुटक्या झोपाळ्याची आठवण काढत होतो.

दाराची किल्ली कुणाकडे द्यायची हा सहा हिस्सेदारांचा प्रश्न मात्र फार सोप्या रीतीने सुटला आहे. ती मुसलमानांकडे आहे. जुदेह घराणं किल्ली सांभाळतं आणि नुसैबेह घराणं तिने दार उघडतं. म्हणजे दोन मुसलमान घराण्यांतही वाटणी आहेच. पहाटे आतला पाद्री दरवाजातल्या झरोक्यातून एक लहान शिडी बाहेर सरकवतो (ही हलते), बाहेरचा गृहस्थ तिच्यावर चढून वरचं कुलूप काढतो, खालचं काढतो, आणि ख्रिस्ती धर्माचं सर्वांत पवित्र स्थळ उघडतं. शतकानुशतकं हे रोज असंच चाललं आहे. धर्मनिरपेक्षतेवर भाषणं करणाऱ्यांना एकदा पहाटे चार वाजता इथे आणून उभं करावं.

झाडण्यावरून मारामाऱ्या होतात म्हटलं तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. १९०१ मध्ये इथे एका जिन्याची सर्वांत खालची पायरी कुणी झाडायची यावरून ग्रीक आणि कॅथलिकांतले फ्रान्सिस्कन भिक्षू दगडांनी लढले होते. पायरी अंगणाच्या पातळीला आलेली होती, त्यामुळे ती पायरी की अंगण, हा मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने अत्यंत योग्य मुद्दा. दहा किलोमीटरवरच्या बेथलेहेममध्ये २०११ च्या डिसेंबरात आर्मेनियन आणि ग्रीक भिक्षूंनी नाताळच्या साफसफाईत एकमेकांना केरसुण्यांनी झोडपलं. त्याच बेथलेहेमच्या चर्चमधला चांदीचा तारा १८४७ मध्ये नाहीसा झाला, त्यावरून फ्रान्स आणि रशिया एकमेकांवर गुरगुरले, आणि इतर अनेक कारणांत हेही एक कारण मिळून क्रिमियाचं युद्ध पेटलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा आपण शाळेत शिकलो. त्यामागे एक हरवलेला तारा होता हे शिकवायचं गुरुजी विसरले.

पण माझा सर्वांत आवडता हिस्सा म्हणजे चर्चचं छप्पर. सर्वांत गरीब हिस्सेदार इथिओपियन. त्यांच्या वाट्याला आतलं फारसं काही आलं नाही, म्हणून ते गच्चीवर मातीच्या बुटक्या झोपड्यांत राहतात. ही गच्ची आपलीच, असं कॉप्टिकांचं म्हणणं. १९७० च्या ईस्टरला कॉप्टिक मंडळी खाली प्रार्थनेत दंग असताना इथिओपियनांनी वरच्या वाटेची कुलपंच बदलून टाकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने १९७१ मध्ये किल्ल्या परत करा म्हणून सांगितलं, पण मालकीचा निकाल सरकारवर सोपवला, आणि सरकार अजून विचार करतं आहे. तोवर आपला हक्क जिवंत राहावा म्हणून एक कॉप्टिक भिक्षू गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. नुसता बसतो. तेच त्याचं काम. २००२ च्या जुलैत ऊन फार झालं, म्हणून त्याने खुर्ची जरा सावलीत सरकवली. इथिओपियनांच्या दृष्टीने हे सरळसरळ आक्रमण होतं. हाणामारी झाली आणि ११ भिक्षू दवाखान्यात गेले. सावलीचा सातबारा कुणाच्या नावावर, हा प्रश्न आमच्या थोरल्या काकांनीसुद्धा इतक्या तडीला नेला नव्हता.

मी गेलो तेव्हा एक उंच, सावळे इथिओपियन भिक्षू पिवळी छत्री उघडून आपल्या झोपडीच्या दाराशी बसले होते. मी हात जोडले, त्यांनी मान लववली. मी सावलीसाठी एक पाऊल डावीकडे सरकलो. त्यांनी माझ्या पावलाकडे बघितलं. मी ते परत उन्हात घेतलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण त्या हट्टाची किंमत इमारतीने मोजली आहे. १९२७ च्या भूकंपात थडग्यावरची वास्तू खिळखिळी झाली. दुरुस्ती कुणी करायची यावर एकमत होईना, म्हणून इंग्रजांनी १९४७ मध्ये तिला लोखंडी तुळयांचा आधार दिला आणि ते निघून गेले. तुळया सुमारे ७० वर्षं तशाच. शेवटी पोलिसांनी वास्तू धोकादायक म्हणून काही तास बंद केली, तेव्हा कुठे हिस्सेदार एकत्र आले आणि २०१७ मध्ये दुरुस्ती पुरी झाली. प्रोटेस्टंटांना या चर्चमध्ये हिस्साच नाही. उशिरा जन्मल्याची शिक्षा. त्यांच्यातल्या अनेकांनी एकोणिसाव्या शतकात तटाबाहेर दुसरंच थडगं पसंत केलं, गार्डन टूम. तिथे बाग आहे, बसायला बाकं आहेत, भांडण नाही. जागा खरी कुठली ते देव जाणे. व्यवस्था मात्र तिथली उत्तम.

झायन टेकडीवर तर एकाच इमारतीत तिघांचा मुक्काम आहे. तळमजल्यावर दाविद राजाचं थडगं, तिथे ज्यू प्रार्थना करतात. वरच्या मजल्यावर येशूचं शेवटचं भोजन झालं ती खोली, तिथे ख्रिश्चन. आणि छपरावर मिनार. इमारतीला आणखी मजला चढवला असता तर आमच्या तेहतीस कोटींपैकी कुणाची तरी सोय झाली असती, पण आजीबाईंना दिलेला शब्द आठवून मी गप्प बसलो.

गप्प बसण्याची सर्वांत कडक परीक्षा सोनेरी घुमटाच्या पटांगणात होते. मुसलमान नसलेल्यांना तिथे एकाच दारातून, ठरलेल्या वेळीच सोडतात. नियमाने बघायला परवानगी, प्रार्थनेला नाही. दाराआधी ज्यू धर्मपीठाची पाटी: धर्माप्रमाणे आत जाण्यास मनाई. आत गेल्यावर वक्फचे रखवालदार आणि इस्रायली पोलीस, दोघांचंही लक्ष पाहुण्यांच्या ओठांवर. कुणी पुटपुटतंय का? मी जेवणानंतरची बडीशेप चघळत होतो. एक रखवालदार आणि एक पोलीस, एरवी एकमेकांकडे न बघणारे, एकाच वेळी माझ्याकडे वळले. मी तोंड उघडून बडीशेप दाखवली. दोघांनी वाकून पाहिली. त्या दिवशी त्या पटांगणात झालेली ही बहुधा एकमेव संयुक्त कारवाई असावी.

खाली पश्चिम भिंतीच्या फटींत लोक देवाला चिठ्ठ्या खोचतात. वर्षातून दोनदा त्या काढून ऑलिव्हच्या डोंगरावर पुरतात, कारण देवाला लिहिलेलं फेकायचं नसतं. ज्यांना येणं जमत नाही ते नुसतं 'देव, जेरुसलेम' असा पत्ता घालून टपालाने पाठवतात आणि इथलं टपाल खातं ती पत्रं भिंतीपर्यंत पोचवतं. पत्ता अपुरा म्हणून परत पाठवत नाहीत, ही गोष्ट माझ्या मनाला भिडली.

या शहराचा अंमल काहींच्या डोक्यावरच चढतो. त्याला वैद्यकीय नाव आहे, जेरुसलेम सिंड्रोम. १९८० ते १९९३ या काळात सुमारे १,२०० पर्यटक इथल्या मानसोपचार केंद्राकडे पाठवले गेले. त्यांतल्या ४२ जणांना पूर्वीचा काहीही आजार नव्हता. सहलीला आलेली साधी माणसं. क्रम ठरलेला असतो. माणूस अस्वस्थ होतो, एकटं राहायचं म्हणतो, पुनःपुन्हा आंघोळ करतो, नखं कापतो, हॉटेलच्या पलंगावरची पांढरी चादर अंगाला गुंडाळतो आणि चौकात जाऊन उपदेश सुरू करतो. आठवडाभरात बरा होतो आणि भयंकर ओशाळतो. हॉटेलवाल्यांचं काय मत आहे ठाऊक नाही, पण मी माझ्या खोलीतली चादर रंगीत आहे ना, हे पाहून घेतलं.

चादरीचा आणि या शहराचा संबंध जुनाच आहे. ९ डिसेंबर १९१७ ला तुर्क शहर सोडून गेले तेव्हा महापौर हुसेन अल-हुसेनी इंग्रजांना शरण जायला निघाले. पांढरं निशाण हवं, म्हणून अमेरिकन कॉलनीच्या इस्पितळातली चादर काठीला बांधली. पहिल्यांदा भेटले ते, असं सांगतात, वाट चुकलेले दोन लष्करी स्वयंपाकी. ते अंडी शोधत होते. जेरुसलेम नको म्हणाले. मग दोन सार्जंट भेटले, त्यांनीही नाही म्हटलं, पण फोटो काढून घेतला. मग तोफखान्याचे अधिकारी, मग ब्रिगेडियर, मग जनरल. ज्या शहरासाठी इतिहासात इतकं रक्त सांडलं ते त्या सकाळी घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. दोन दिवसांनी जनरल ॲलन्बी जाफा गेटमधून पायी आत आला. पायी, कारण १८९८ मध्ये जर्मन कैसरला डौलात आत येता यावं म्हणून तिथे तट फोडून खंदक बुजवला होता, आणि इंग्रजांना त्याच्याहून नम्र दिसायचं होतं.

आजची वाटणी डोळ्यांना दिसायला वेळ लागत नाही. बसगाड्यांची दोन वेगळी जाळी आहेत. एक शनिवारी झोपतं, दुसरं धावतं. पश्चिमेचा टॅक्सीवाला म्हणतो, "तिकडे जाऊ नका, धोका आहे." पूर्वेचा टॅक्सीवालाही हेच म्हणतो, फक्त हात उलट्या दिशेला करून. २०११ पासून ट्राम दोन्हीकडून जाते. तिच्यात लांब काळ्या कोटातले ज्यू, डोक्याला रुमाल बांधलेल्या अरब बायका, मांडीवर बंदूक घेतलेल्या वीस वर्षांच्या मुली, सगळे शेजारी बसतात आणि सगळे मोबाइलमध्ये बघतात. तिथे मला मोबाइलच्या शोधाबद्दल प्रथमच कृतज्ञता वाटली.

हेरॉड्स गेटजवळ, जिथे बाबा फरीद यांच्या नावाची जुनी भारतीय सराई आहे, तिथून जवळच एक मसालेवाला ओळखीचा झाला. एकदा त्याने गल्ल्याखालून प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. आत विजेची बिलं, घरपट्टीच्या पावत्या, मुलांच्या शाळेचे दाखले, वर्षवार लावलेले. पूर्व जेरुसलेमचे बहुतेक अरब नागरिक नाहीत, 'कायम रहिवासी' आहेत. आयुष्याचं केंद्र इथेच आहे हे कागदांनी सिद्ध करता आलं नाही तर तो कायमपणा जाऊ शकतो. शहराच्या हद्दीतलेच काही मोहल्ले आठ मीटर उंच भिंतीच्या पलीकडे पडले आहेत. घरपट्टी इकडे भरायची आणि कचऱ्याच्या गाडीची वाट तिकडे बघायची. त्याचा आजा याच गल्लीत जन्मला. "आणि तुम्हाला किती दिवस राहायला दिलंय?" त्याने विचारलं. मला तीन महिने, कुणीही बिल मागितलं नव्हतं. त्याने मला जातरची पुडी बांधून दिली आणि वर पावतीही दिली. "जपून ठेवा," म्हणाला, "या शहरात पावती टाकायची नसते."

शहर कुणाचं हा प्रश्न अमेरिकेनेही टाळून पाहिला. इथे जन्मलेल्या अमेरिकनाच्या पासपोर्टवर जन्मस्थळ नुसतं 'जेरुसलेम' लिहीत, देश नाही. एका मुलाच्या आईबापांनी यावर दावा लावला. तो दोनदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१५ मध्ये निकाल लागला तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. २०२० मध्ये सरकारने आपणहून नियम बदलला. कोकणातल्या दाव्यांच्या मानाने हे लवकरच म्हणायचं.

त्याआधीची, १९४८ ते १९६७ ची फाळणी मात्र अगदी कागदावर आखलेली होती. ३० नोव्हेंबर १९४८ ला इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल मुसरारा भागातल्या एका ओसाड घरात बसले. १:२०,००० प्रमाणाचा नकाशा पसरला आणि मेणाच्या जाड पेन्सिलींनी आपापली रेघ ओढली. रेघ तीन-चार मिलिमीटर जाड उमटली, म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर रुंद. मग प्रश्न आला, की रेघेची जाडी कुणाची? तिच्याखाली घरं होती, गल्ल्या होत्या, माणसं होती. वर्षानुवर्षं यावर पत्रव्यवहार चालला. दोन रेघांमधला पट्टा कुणाचाच नाही असं ठरलं. तिथे तारा, सुरुंग, गवत आणि मांजरं. पाऊल टाकायचं तर संयुक्त राष्ट्रांची परवानगी हवी.

नन लोकांचं एक रुग्णालय नेमकं या पट्ट्याला लागून होतं. १९५६ मध्ये तिथली एक रुग्ण बाई खिडकीशी उभी असताना खोकली आणि तिची कवळी उडून खाली त्या पट्ट्यात पडली. नन्सनी रीतसर विनंती केली. इस्रायलशी बोलणी झाली, जॉर्डनशी बोलणी झाली. दोन्हीकडच्या बंदुका थांबल्या. संयुक्त राष्ट्रांचा अधिकारी पांढरं निशाण घेऊन पुढे झाला, आणि त्याच्या मागे झगे सावरत नन्स गवत नि कचरा उपसू लागल्या. शेवटी कवळी मिळाली. एका ननने ती हातात उंच धरली आणि तिचा फोटो निघाला. ती कुणाची यावर मात्र दोन्ही बाजूंनी एका अक्षराचाही वाद घातला नाही.